कोरड्या बोअरचा गार वारा

तळघराची हवा तपासायला दिलेली डबी मी तळघरातून काढली आणि वरच्या मजल्यावर, दिवाणखान्याच्या गॅलरीत, जिथे दिवसभर वारं खेळतं तिथे नेऊन टांगली. तीन महिने ती तिथेच राहिली. भाची डबी न्यायला येणार त्या दिवशी सकाळी मी ती पुन्हा खाली आणली, जागच्या खिळ्याला अडकवली, वरची धूळ पदराने पुसली आणि पोहे भिजवायला गेले.

हे वाचून एखादीला वाटेल, म्हातारीला समजलं नसेल बिचारीला. तसं वाटलं तर माझी काही हरकत नव्हती, पण ते खरं नाही. एक तर मी तेव्हा म्हातारी नव्हते. साठीला नुकती टेकले होते, केसांना मेंदी लावत होते आणि कॉलनीच्या महिला मंडळाची अध्यक्ष होते. आणि दुसरं म्हणजे, मला सगळं नीट समजलं होतं. त्या साठीतल्या पोरीला आता समोर बसवून चार शब्द सुनवावेसे वाटतात, पण ती ऐकून घेणारी नव्हती. बोलायची मात्र फार.

आमचं घर जळगावात. प्लॉट उताराचा, त्यामुळे बांधताना खालच्या अंगाला एक खोली निघाली, अर्धी जमिनीत गेलेली. तेच आमचं तळघर. पुढे घर मागच्या बाजूला वाढवलं तेव्हा अंगणातला बोअर त्या खोलीच्या आत आला. बोअर केव्हाच आटलेला. त्याच्या तोंडावर पत्र्याचं झाकण होतं आणि झाकणाच्या फटीतून गार वारा यायचा. जळगावचा मे महिना ज्याने काढलाय त्याला या वाऱ्याची किंमत सांगायला नको. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय, कूलर दमट वाफ अंगावर टाकतोय, आणि आमच्याकडे जमिनीच्या पोटातून फुकटचा गारवा. पुण्याहून नातवंडं आली की पालथी पडून त्या फटीवर गाल टेकवायची. उडदाचे पापड लाटायला बायका यायच्या त्या बोअरजवळची जागा आधीच सांगून ठेवायच्या. ह्यांची दुपारची झोप तिथेच, आणि झोपेआधीची सिगारेटही तिथेच, कारण वर मी ओढू देत नसे. झळा आत येऊ नयेत म्हणून उन्हाळा सुरू झाला की मी झरोक्यांना पोती ठोकायची. ती पाऊस पडेपर्यंत निघायची नाहीत. झळांपासून माणसं वाचवते म्हणून माझं कौतुकही व्हायचं.

बाकी सगळे तिथे दुपारपुरते. कायमच्या राहायच्या त्या अक्का.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सासर सोनगीरकडचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दिरांनी फार दिवस ठेवून घेतलं नाही, तेव्हा शिलाई मशीन घेऊन भावाकडे आल्या. मी म्हटलं, तळघरात गार आहे, गिऱ्हाईक बायकांना मापं द्यायला आडोसा आहे, अक्कांची खाट तिथेच लावू. सगळ्यांना पटलं. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या असून त्या मला वहिनी म्हणायच्या आणि बोलायच्या त्यांच्या अहिराणीत, म्हणजे एकेरीत. मी त्यांना अहो-जाहो करायची. मान देण्यात मी कधी कमी पडले नाही. जागा देण्यात पडले.

वर दिवाणखाना होता. सोफा होता, काचेची शोकेस होती, तिच्यात चिनी मातीचे दोन हंस होते. सोफ्यावर कायम चादर, कारण धूळ बसते. चादर निघायची ती पाहुणे आल्यावर, आणि पाहुणे आमच्याकडे नेमाने यायचे ते दिवाळीला.

एका पावसाळ्यात तळघराच्या भिंतींना ओल आली तेव्हा अक्कांनी विचारलं होतं, "वहिनी, गुडघा दुखस वं. मनी खाट वर टाकता यी का?"

"अक्का, वर तुम्हाला ऊन सोसायचं नाही."

"आते तं पाऊस शे."

"पावसात पत्र्याचा आवाज फार होतो वर."

दिवाणखान्यावर पत्रा नाही. स्लॅब आहे. अक्कांनी एकदा वर बघितलं, "बरं" म्हणाल्या आणि मशीनच्या सुईत दोरा ओवायला लागल्या.

आता भाचीचं सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी धुळ्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. घरातल्या हवेतला रेडॉन मोजायचं तिने मनावर घेतलं होतं आणि त्याबद्दल बायकांशी बोलायचं होतं, कारण घरात जास्त वेळ बायकाच असतात. मंडळाची अध्यक्ष मावशी म्हटल्यावर हॉल तयार, सतरंज्या तयार.

ती छान बोलली. म्हणाली, मातीत, दगडात, मुरमात अगदी थोडं युरेनियम सगळीकडेच असतं. ते आपोआप झिजत जातं आणि त्यातून पुढे रेडॉन नावाचा वायू तयार होतो. तो फरशीच्या सांध्यातून, भिंतीच्या तड्यातून, पाइपाभोवतीच्या फटीतून घरात येतो. उघड्यावर वाऱ्याबरोबर विरून जातो, पण बंद खोलीत, त्यातही जमिनीखालच्या, साठत राहतो. श्वासाबरोबर आत गेला की त्याच्यापासून होणारे किरणोत्सारी कण फुप्फुसाला चिकटून बसतात. त्याने खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, चक्कर येत नाही. अशा हवेत वर्षानुवर्षं राहिलं तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि सिगारेट-बिडी ओढणाऱ्याचा तर कितीतरी जास्त.

"वास येतो का त्याचा?" एकीने विचारलं.

"नाही."

"दिसतो?"

"नाही."

"मग आहे कशावरून?"

इथे अध्यक्षांना राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं, आमच्या ह्यांच्या घरकामासारखं आहे ते. रंग नाही, वास नाही, दिसत तर मुळीच नाही, पण आहे म्हणतात."

हॉलमध्ये हशा पिकला. भाचीही हसली. मग तिने पुन्हा विषय धरायचा प्रयत्न केला, पण बायका आपापल्या नवऱ्यांच्या घरकामावर घसरल्या होत्या. काळ्या दगडात हे प्रमाण काही दगडांपेक्षा कमी असतं, पण भराव कुठला घातलाय, फटी किती आहेत, हवा किती खेळते यावर सगळं ठरतं, घराकडे नुसतं बघून कळत नाही, मोजावंच लागतं, हे तिने सांगितलं ते पहिल्या दोन रांगांनी ऐकलं असेल. मला मात्र माझा विनोद महिनाभर पुरला. दुधवाल्यालासुद्धा सांगितला.

त्याच दिवशी ती आमच्याकडे डबी लावून गेली. काजळाच्या डबीहून थोडी मोठी, आत एक फिल्म. अक्कांच्या खाटेशेजारी, बसल्यावर नाक येतं त्या उंचीला खिळा ठोकला. हलवायची नाही, झाकायची नाही, तीन महिने विसरून जायचं, असं बजावलं. जिना चढताना मला म्हणाली, "मावशी, आकडा जास्त आला तर अक्कांना लगेच वर हलवावं लागेल हं. बाकी सगळे येऊन जाऊन असतात. त्या तर चोवीस तास इथेच."

तिचं बोलणं मी इतकं लक्ष देऊन पहिल्यांदाच ऐकलं. अक्का वर. वर म्हणजे कुठे? आमची झोपायची खोली, मुलाची बंद खोली, आणि दिवाणखाना. मुलाची खोली द्यायची नव्हती, कारण तो सुट्टीत येतो. म्हणजे माझ्या सोफ्यासमोर शिलाई मशीन, खाली चिंध्या, आणि ब्लाउजचं माप द्यायला उभ्या राहिलेल्या परक्या बायका. पुढच्याच आठवड्यात डबी गॅलरीत गेली. अक्कांनी रिकाम्या खिळ्याकडे बघून विचारलं तेव्हा म्हटलं, "धूळ बसत होती तिच्यावर."

पाहुण्यांना चांगली खोली दाखवायची, चांगल्या कपात चहा द्यायचा, तडा गेलेली भिंत कॅलेंडरने झाकायची, या वळणात मी वाढलेली. चोपड्याला माझ्या माहेरी मला बघायला आले होते तेव्हा शेजारची पंखा लावलेली बैठक मागून घेतली होती. डबीलाही मी पाहुणीच समजले. घरातली सगळ्यात चांगली हवा तिला दाखवली. श्वास मात्र अक्का खालचाच घेत होत्या.

निकाल आल्यावर भाचीचा फोन आला. "मावशी, तळघर असून इतकं कमी? माझ्या धुळ्याच्या तळमजल्यावर याहून जास्त आहे."

"आम्ही रोज फिनाइलने पुसतो," मी म्हटलं.

ती हसली, म्हणाली फिनाइलने त्याला काही होत नाही, पण आकडा कमी आहे तर आनंदच आहे. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. मंडळाच्या पुढच्या सभेत मी उभी राहून जाहीर केलं की आमच्या तळघरात काही निघालं नाही. ज्या बायकांनी डब्या घ्यायचं कबूल केलं होतं त्यांनी त्या न लावताच परत केल्या. अध्यक्षांच्या तळघरात नाही तर आमच्या हॉलमध्ये कुठून येणार, असं त्या म्हणाल्या आणि मी मान डोलावली. पोती पुन्हा झरोक्यांना लागली. नातवंडं पुन्हा फटीवर गाल टेकवून झोपली.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात अक्कांना खोकला लागला, तो जाईना. आधी आलं, हळद, मग कफाचं औषध, मग छातीचा फोटो काढला तर उजव्या फुप्फुसात डाग दिसला. डॉक्टरांनी स्कॅन करायला लावला आणि रिपोर्टला थोडे दिवस लागतील म्हणाले. त्या दिवसांत मी काय खात होते मला आठवत नाही. अक्का मात्र खाली बसून कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज शिवत होत्या. दिलेली तारीख चुकवायची नाही म्हणून.

भाची त्यांना भेटायला धुळ्याहून आली. तिच्या बॅगेत एक नवं यंत्र होतं, जिथे ठेवावं तिथली हवा ओढून थोड्या वेळाने आकडा दाखवणारं. सवयीने तिने ते अक्कांच्या खाटेवर ठेवलं आणि आम्ही चौघं तिथेच चहा प्यायला बसलो. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि तिची नजर यंत्राकडे गेली ती तिथेच राहिली. ती उठली, यंत्र बोअरच्या झाकणाजवळ नेऊन ठेवलं, वाट पाहिली. आकडा आणखी चढला.

"हा बोअर चालू आहे?"

"कोरडा आहे," मी म्हटलं.

"झाकण घट्ट बसतं?"

"छे, त्यातून गार वारा येतो," ह्यांनी अभिमानाने सांगितलं. "आपला एसी आहे तो."

भाची खिळ्याकडे बघत राहिली. "मावशी, डबी याच खिळ्याला होती ना? तिन्ही महिने?"

"हो," मी म्हटलं.

अक्कांनी हातातल्या हुकाचा दोरा दातांनी तोडला.

"मग चूक माझीच," भाची म्हणाली. "फिल्मवर प्रक्रिया करताना काहीतरी बिघडलं असणार. त्या खेपेला ज्यांना निकाल दिले त्या सगळ्यांकडे जाऊन सांगावं लागेल, माझे आकडे धरू नका म्हणून. आणि अक्का, तुमचं..." पोरगी रडत नव्हती. नुसती हात मांडीवर ठेवून बसली होती, नापास झालेल्या मुलीसारखी. कामात ती किती काटेकोर होती हे मला माहीत होतं.

मी चहा ठेवते म्हणून वर गेले. चहा ठेवला नाही. दिवाणखान्यात जाऊन उभी राहिले. शोकेसमध्ये हंस होते. चादर होती. माझं काहीएक हललं नव्हतं त्या खोलीत. खाली आले तेव्हा भाची निघायला म्हणून स्कार्फ बांधत होती.

"डबी इथे नव्हती," मी म्हटलं. "वर गॅलरीत होती. मीच नेली होती."

"का?"

"वर हवा चांगली."

"मावशी, अक्का जिथे झोपतात तिथली हवा मोजायची होती."

"माहीत होतं मला."

तिने स्कार्फची गाठ सोडली. ह्यांनी खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत ठेवलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यावर कधी ओरडला नाही, त्या दिवशी ओरडला असता तर बरं झालं असतं.

अक्का म्हणाल्या, "मंग मी वर कव्हय येऊ?"

"आत्ता," मी म्हटलं.

भाचीने मशीनचं एक टोक धरलं, मी दुसरं. सोफा गच्चीच्या जिन्यात गेला. संध्याकाळच्या आत अक्कांची खाट दिवाणखान्यात लागली होती, गॅलरीच्या दारासमोर.

पुढचं सगळं भाचीने शिकवल्याप्रमाणे केलं. बोअरचं तोंड काँक्रीटने कायमचं बंद केलं. फरशीचे सांधे भरून घेतले, पाइपाभोवतीच्या फटी बुजवल्या. पोती फेकून झरोके मोकळे केले आणि हवा बाहेर ओढणारा पंखा बसवला. थोड्या दिवसांनी पुन्हा मोजलं, आकडा बराच उतरला होता. तरी तिथे आता कुणी झोपत नाही; लोणच्याच्या बरण्या असतात. ह्यांनी सिगारेट सोडली आहे असं ते म्हणतात.

अक्कांचा डाग जुना निघाला. कधीकाळी होऊन बरं झालेल्या कुठल्यातरी दुखण्याचा व्रण. डॉक्टर म्हणाले घाबरायचं कारण नाही. मी विचारलं, इतकी वर्षं त्या हवेत राहिल्याचं काय? ते म्हणाले, ते पुसून टाकता येत नाही. यापुढची हवा चांगली ठेवा आणि वेळोवेळी तपासत राहा. म्हणजे सुटका झाली असं मला म्हणता येत नाही आणि काही झालं असंही म्हणता येत नाही. अक्का खोकल्या की माझा हात थांबतो. पोळी तव्यावर करपते.

अक्का दिवाणखान्यात मजेत आहेत. हंसांच्या गळ्यात दोऱ्यांची रिळं असतात. गिऱ्हाईक बायका सरळ आत येतात. पहिल्या पावसाळ्यात धो धो पाऊस चालू असताना मशीन थांबवून त्यांनी मला हाक मारली. मी गेले. वरच्या स्लॅबकडे बोट करून म्हणाल्या, "वहिनी, पत्राना आवाज येस का वं तुले?" आणि स्वतःच इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. मीही हसले. मला हसू येत नव्हतं.

डब्या परत करणाऱ्या बायकांच्या घरी मी एकेक करून जाऊन आले. दोघींनी पुन्हा डबी लावली, एकीने दार अर्धंच उघडलं. भाची म्हणाली, आता तू माझ्याबरोबर येऊन बोल. मी म्हटलं, अध्यक्षपद गेलं आता, माझं कोण ऐकणार. ती म्हणाली, म्हणूनच.

म्हणून आम्ही फिरतो. मागच्या हिवाळ्यात सोनगीरला गेलो होतो, शाळेच्या एका वर्गात बायका जमल्या होत्या. भाचीने वायूचं सांगितलं. मग मी डबीचं सांगितलं. गॅलरीचं सांगितलं, फिनाइलचं सांगितलं, ह्यांच्या घरकामाचा विनोद सांगून मी त्या दिवशी पोरीचं भाषण कसं बुडवलं तेही सांगितलं. बायका हसल्या जिथे हसायचं तिथे. माझी लाज सांगायला मला आता जमतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हातखंडा झाला आहे. दिवाणखान्याचं मात्र मी घाईत उरकते. "नणंद खाली राहत होत्या" असं एका वाक्यात म्हणते आणि पुढे बोअरवर जाते. तिथेही तसंच केलं.

कार्यक्रम संपल्यावर मी वऱ्हांड्यात पाणी पीत उभी होते. कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई जवळ आली. विशी-पंचविशीची असेल. तिला डबी हवी असेल म्हणून मी भाचीला हाक मारायला वळले, तर तिने मान हलवली. मुलाच्या तोंडातलं बोट काढत, आवाज न चढवता, ती मला म्हणाली:

"आजी, गॅसनं तं समजनं. पन वर खोली व्हती ना?"